वारिओचा खजिना आणि मोबाइलमधली नाणी

काही महिन्यांपूर्वी एक गृहस्थ आमच्या ऑफिसात आले होते. ऑफिस म्हणजे काय, एक टेबल, एक कॉम्प्युटर आणि मागं जुन्या अंकांचे गठ्ठे. बराच वेळ नुसते बसून राहिले. चहा झाला, पावसाचं बोलणं झालं, मग त्यांनी खिशातून मुलाचा मोबाइल काढला. पोरगा पत्त्यांच्या एका ॲपवर पैसे लावून खेळायचा. आधी पगार गेला, मग मोटारसायकल, मग आईच्या पाटल्या, मग पतसंस्थेचं कर्ज. ही गोष्ट आपण आता इतक्या वेळा ऐकलीय की पुढचं वाक्य आपणच पूर्ण करतो. पण त्यांनी जे विचारलं ते मी आधी कुणाकडून ऐकलं नव्हतं. स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाले, "साहेब, हे बघा. इथं अजून नाणी दिसतायत. चमकतायत. मग पैसे गेले कुठं?"

ती बोनसची नाणी होती. काढून घेता येत नव्हती, फक्त पुन्हा डावावर लावता येत होती. हे मी त्यांना सांगितलं. त्यांना कळलं की नाही, माहीत नाही. बातमी करू नका म्हणाले, म्हणून केली नाही. इथंही गाव, नाव, ॲप काही लिहीत नाही.

पण प्रश्न डोक्यात राहिला. खेळातलं नाणं नक्की कुणाचं असतं? आणि ते कधीपासून असं चमकायला लागलं? मी शाळेपासून व्हिडिओ गेमचा वेडा. घरच्यांनी त्यासाठी भरपूर मार दिलेला आहे. त्यामुळं उत्तर शोधायला मी गेलो थेट १९९४ सालच्या एका जपानी गेमकडं. हसू नका. पोस्ट लांब आहे, सवडीनं वाचा.

आधी पार्लरची आठवण काढू. चाळिशीतल्या मंडळींना आठवत असेल, एस.टी. स्टँडच्या मागं पत्र्याच्या शेडमध्ये दोन-चार मशिनी असायच्या. खाचेत नाणं टाकलं की तीन लाइफ. लाइफ संपल्या की 'गेम ओव्हर', आणि मागं रांगेत उभा असलेला दादा कॉलर धरून बाजूला करायचा. स्क्रीनच्या वर एक आकडा पळत असायचा. तो आकडा म्हणजेच सगळं. त्याच्यावर भांडणं व्हायची.

हा आकडा तिथं का होता, याचा विचार आम्ही कधी केला नाही. १९७८ साली जपानच्या तायतो कंपनीनं 'स्पेस इनव्हेडर्स' आणला. तोमोहिरो निशिकादो यांनी बनवलेला. त्यात वर तुमचे गुण आणि मधोमध त्या मशीनवर तोवर झालेले सर्वांत जास्त गुण दिसायचे. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या अटारी कंपनीचा 'ॲस्टेरॉइड्स' आला. त्यात पहिल्या दहांत आलात तर तुमच्या नावाची तीन अक्षरं मशीनमध्ये लिहिता यायची. दुसरा कुणी येऊन ती अक्षरं खाली ढकलायचा, मग तुम्ही परत नाणं टाकायचं. मशीनवाल्याचं पोट एका गोष्टीवर चालायचं, पुढचं नाणं. म्हणून गेम लवकर संपला पाहिजे आणि परत खेळावासा वाटला पाहिजे. गुणांचा आकडा ते दुसरं काम करायचा. सरळ सांगायचं तर तो गळाला लावलेला गांडूळ होता. फक्त एवढंच, की गळ डोळ्यांसमोर होता. खिशात किती नाणी उरली हे हाताला कळायचं. संपली की घरी जायचं.

आता खिशातल्या गेमकडं येऊ, म्हणजे निन्तेंडो कंपनीकडं. ही कंपनी १८८९ साली क्योतो शहरात सुरू झाली ती हानाफुदा नावाचे पत्ते बनवण्यासाठी. फुलांची चित्रं असलेले छोटे जाड पत्ते. जपानात ते जुगाराला वापरले जायचे. म्हणजे ज्या कंपनीनं पुढं जगातल्या पोरांना मारिओ दिला, तिची पहिली कमाई जुगाऱ्यांच्या हातातल्या पत्त्यांची. १९६५ साली तिथं गुनपेई योकोई नावाचा तरुण इंजिनिअर लागला. काम काय, तर पत्ते बनवणाऱ्या यंत्रांची देखभाल. आपल्याकडं साखर कारखान्यात फिटर म्हणून लागावं तसं. फावल्या वेळात खेळणी बनवायचा, मालकानं ती बघितली, आणि पुढचा सगळा इतिहास तिथून सुरू झाला.

योकोई सांगायचे ती गोष्ट प्रसिद्ध आहे. बुलेट ट्रेनमध्ये एक कंटाळलेला नोकरदार कॅल्क्युलेटरची बटणं उगाच दाबत बसलेला त्यांनी पाहिला. त्यातून खिशात मावणाऱ्या गेमची कल्पना सुचली. कॅल्क्युलेटरचा स्क्रीन तोवर स्वस्त झाला होता. योकोईंचं तत्त्वच ते होतं. नवं, महागडं तंत्र नको. जुनं, स्वस्त, घासून गुळगुळीत झालेलं तंत्र घ्यायचं आणि त्याचा कुणी केला नसेल असा उपयोग करायचा. आपल्या गावातले रेडिओ दुरुस्तीवाले हेच करायचे, फक्त त्यांच्यावर पुस्तकं निघाली नाहीत. असो. एप्रिल १९८० मध्ये 'गेम अँड वॉच' आला. गेम आणि घड्याळ एकत्र. खेळत नसाल तेव्हा ज्या आकड्यांत वेळ दिसायची, खेळायला लागलात की त्याच आकड्यांत गुण दिसायचे.

त्या मालिकेत १९८१ साली 'ऑक्टोपस' आला. माझ्या माहितीतला हातात मावणारा खजिना शोधायचा हा फार जुना आणि फार छान गेम. वर पाण्यावर होडी. खाली समुद्राच्या तळाशी खजिन्याची पेटी. मधे भला मोठा ऑक्टोपस, त्याच्या सोंडा खाली-वर होतात. तुमचे पाणबुडे एकेक करून उतरतात, सोंडा चुकवत पेटीपर्यंत जातात, पिशवीत खजिना भरतात आणि परत येतात. गुण असे: पेटीतून एकदा खजिना काढला की १. पिशवी घेऊन होडीत सुखरूप आलात की आणखी ३. बस्स.

एवढ्याशा नियमात अख्खा माणूस आहे बघा. एकदा हात घालून परत फिरलात तर १ आणि ३ मिळून ४. पाच वेळा हात घातलात तर ८. पण तेवढा वेळ पेटीपाशी उभं राहावं लागतं आणि सोंड येत असते. तिनं धरलं की पाणबुडा गेला. तीन पाणबुडे गेले की खेळ संपला. २०० आणि ५०० गुणांवर मागच्या चुका माफ. म्हणजे प्रत्येक फेरीला एकच प्रश्न, अजून एकदा हात घालू की निघू? पत्त्यांच्या ॲपवर रात्री दीड वाजता त्या पोराला पडलेला प्रश्न हाच असणार.

फरक एकच, पण मोठा. 'ऑक्टोपस'ला नाणं टाकायची खाच नव्हती. दुकानात पैसे दिले, विषय संपला. तुम्ही ५०० गुण करा नाहीतर पाचव्या गुणाला मरा, कंपनीला त्यातून दमडी मिळत नव्हती. तरी गुण होते, तीन लाइफ होत्या, कारण बनवणाऱ्यांच्या डोक्यात पार्लर बसलेलं होतं. खाच गेली तरी खाचेची सवय राहिली. आपल्याकडं जकात गेली आणि नाक्यांची शेडं पुढं कित्येक वर्षं उभी राहिली, तसं.

ही सवय सुटायला दहा-बारा वर्षं लागली. एप्रिल १९८९ मध्ये 'गेम बॉय' आला, तोही योकोईंच्याच विभागाचा. चार पेन्सिल सेल, हिरवट स्क्रीन, त्यावर चारच छटा, आणि स्क्रीनला दिवा नाही. उन्हात किंवा ट्यूबलाइटखाली धरून खेळायचं. स्पर्धकांकडं रंगीत स्क्रीन होते, पण ते सेल भसाभस खायचे. गेम बॉयनं सगळ्यांना खाल्लं. त्याच वर्षीच्या 'सुपर मारिओ लँड'मध्ये गुण होते, पार्लरसारखेच. पण मशीन बंद केलं की सगळं पुसलं जायचं. तुम्ही केलेले गुण तुम्ही आणि तुमचा धाकटा भाऊ सोडून कुणाला माहीत नसायचे. भाऊ तर मान्यच करायचा नाही.

मग कॅसेटमध्ये एक छोटासा गोल सेल आला, घड्याळात असतो तसा. मशीन बंद असलं तरी तो सेल कॅसेटची आठवण जिवंत ठेवायचा. ऐकायला किरकोळ वाटतं, पण हिशोबाच्या दृष्टीनं यानं सगळं बदललं. पाटीवरची बेरीज आणि खतावणीतली नोंद यात जेवढा फरक, तेवढा. पाटीवर फक्त आजचा आकडा मोठा करता येतो. खतावणीत साठवता येतं. १९९२ च्या 'सुपर मारिओ लँड २'मध्ये हा सेल होता, आणि गुणांचा आकडा नव्हताच. तिथं उरली होती फक्त नाणी, ९९९ पर्यंत. नकाशावर एक जुगाराचं यंत्र होतं, त्यात ती उडवायची. याच गेममध्ये एक नवा खलनायक आला. मारिओचा किल्ला बळकावून बसलेला, जाड, मिशाळ, लाल नाकाचा. नाव वारिओ. जपानीत 'वारुई' म्हणजे वाईट. मारिओच्या टोपीवरचं इंग्रजी अक्षर उलटं केलं की वारिओचं अक्षर होतं.

आणि पुढच्या गेममध्ये निन्तेंडोनं या खलनायकालाच नायक केलं. २१ जानेवारी १९९४ रोजी जपानात आला, 'वारिओ लँड: सुपर मारिओ लँड ३'. दिग्दर्शन हिरोजी कियोताके (वारिओला रूप देणारे तेच) आणि ताकेहिको होसोकावा यांचं, निर्माते योकोई.

हा गेम मी पहिल्यांदा पाहिला तो वर्गातल्या एका मित्राच्या मामांनी आखातातून आणलेल्या गेम बॉयवर. आम्ही सात जण आणि गेम बॉय एक. त्यामुळं खेळलो कमी आणि दुसऱ्याच्या खांद्यावरून पाहिला जास्त. नंतर मोठेपणी कॉम्प्युटरवर मन लावून पूर्ण केला.

गोष्ट अशी. कॅप्टन सिरप नावाची एक बाई आहे, ब्राऊन शुगर चाच्यांची सरदारीण. तिच्या टोळीनं राजकन्येचा सोन्याचा पुतळा पळवलाय. वारिओला राजकन्येशी काही देणंघेणं नाही. त्याला मारिओच्या किल्ल्यापेक्षा मोठा किल्ला बांधायचाय, त्याला पैसे लागणार, म्हणून तो चाच्यांच्या बेटावर चाललाय. बेटाचं नाव किचन आयलंड. भाताचा किनारा, चहाच्या किटलीचा डोंगर, सरबताचा बर्फाळ प्रदेश, शेगडीची दरी, चहाच्या कपाचं जहाज. आणि वारिओ ताकद कशानं कमावतो, तर लसणीनं. लसूण खाल्ली की अंगानं मोठा होतो आणि खांद्यानं धडक मारत सुटतो. हे बेट रचणाऱ्याला जेवणाच्या सुट्टीत कल्पना सुचली असावी असा माझा अंदाज.

या गेममध्ये गुण नाहीत. एकही नाही. वर दिसतात त्या लाइफ, नाणी, बदामाची चित्रं आणि वेळ. ४० लेव्हल आहेत आणि त्यांत मिळून १५ खजिने दडवलेत. खजिन्याच्या खोलीला कुलूप, किल्ली त्याच लेव्हलमध्ये दुसरीकडं कुठंतरी. ती किल्ली हातात घेऊन दारापर्यंत न्यायची. घाईत असाल तर खजिना न घेताच पुढं जाता येतं, कुणी अडवत नाही. इथंच गेम तुम्हाला ओळखायला लागतो.

नाण्यांचा व्यवहार बघा, मला तो सगळ्यांत आवडतो. नाणी नुसती गोळा करायची नाहीत, खर्चही करायची आहेत. वाटेत थांब्याचं ठिकाण असतं, म्हणजे मेलात तर पुन्हा तिथून सुरू. ते चालू करायला १० नाणी लागतात. लेव्हलच्या शेवटचं दार उघडायलाही १०. वारिओ स्वतःच्या साठ्यातून दहाचं एक मोठं नाणं काढतो, हातात धरतो आणि टाकतो. तुमच्या डोळ्यांसमोर आकडा दहानं उतरतो. अडचणीत तेच नाणं शत्रूला फेकूनही मारता येतं, दगड नसला की चप्पल मारतात तसं. पण थांब्याला पैसे द्यायचे की नाहीत हे तुम्ही ठरवायचं. चिकटपणा करून दहा नाणी वाचवलीत आणि दाराच्या अलीकडं मेलात, की परत पहिल्यापासून. विम्याचा हप्ता चुकवणाऱ्या माणसाला हे पटकन कळेल.

लेव्हल संपली की एक छोटा डाव. समोर दोन बादल्या. एकीत पैशाची थैली, दुसरीत वजन. थैली पडली तर त्या लेव्हलमध्ये कमावलेली नाणी दुप्पट. वजन डोक्यावर पडलं तर निम्मी. असं तीन वेळा.

म्हणजे जुगारच झाला की, असं कुणीही म्हणेल. मलाही तसंच वाटायचं. मग एकदा वहीवर मांडून पाहिलं. समजा दोन्ही बादल्यांची शक्यता सारखी आहे आणि तुमच्याकडं १०० नाणी आहेत. तीन वेळा खेळलात तर एकूण आठ प्रकारे निकाल लागू शकतो. तिन्ही वेळा जिंकलात, एक प्रकार, ८०० नाणी. दोनदा जिंकून एकदा हरलात, तीन प्रकार, प्रत्येकी २००. एकदा जिंकून दोनदा हरलात, तीन प्रकार, प्रत्येकी ५०. तिन्ही वेळा हरलात, एक प्रकार, साडेबारा. सगळ्यांची बेरीज १५६२.५, भागिले आठ, म्हणजे सरासरी १९५. शंभर घेऊन बसलेला माणूस सरासरीनं १९५ घेऊन उठतो! आणि कितीही वाईट दिवस असला तरी हातात शून्य कधीच येत नाही.

असा जुगाराचा अड्डा जगात कुठं पाहिलाय? मटक्यापासून मोठ्या कॅसिनोपर्यंत, जिथं खरा पैसा लागतो तिथं हिशोब नेहमी मालकाच्या बाजूनं झुकलेला असतो. पत्त्यांच्या ॲपवर तर कंपनीला तुम्ही जिंकला की हरला याच्याशीही कर्तव्य नसतं. प्रत्येक डावावर तिचं कमिशन ठरलेलं. चार जण रात्रभर आपापसात खेळले, तर सकाळी चौघांचे मिळून पैसे कमीच झालेले असतात. वारिओच्या बादल्यांचा हिशोब खेळणाऱ्याच्या बाजूनं झुकलेला आहे, आणि त्याचं कारण कंपनीचा मोठेपणा नाही. कारण एवढंच, की तिथं खाच नव्हती. तुमची नाणी वाढली काय, घटली काय, निन्तेंडोच्या गल्ल्यात काही पडत नव्हतं. मग खेळणाऱ्याला लुबाडून करायचं काय? पत्त्यांवर उभी राहिलेली कंपनी, तिच्या यंत्रांना तेल घालणारा इंजिनिअर, आणि त्यांच्या हातून निघालेला जुगार असा, की बसणारा सरासरीनं फायद्यात. इतिहासाला कधी कधी विनोदबुद्धी असते.

आता शेवट. कॅप्टन सिरपचा पराभव होतो. जादूच्या दिव्यातला जिन तिचा गुलाम असतो, तो हरतो. पुतळा सापडतो. वारिओ खूश. तेवढ्यात मारिओ हेलिकॉप्टर घेऊन येतो आणि पुतळा उचलून निघून जातो! ज्याच्यासाठी एवढी पायपीट केली ती मुख्य वस्तू गेली. हातात राहतो दिवा. त्यातला जिन म्हणतो, इच्छा माग, पण पैसे लागतील. मग सुरू होतो हिशोब. गोळा केलेले खजिने एकेक करून नाण्यांत मोजले जातात. तुम्ही सोडून दिलेल्या खजिन्यांची जागा मोकळी दिसते. त्यात साठवलेली नाणी मिळवली जातात. बेरजेप्रमाणे पैशाच्या थैल्या ठरतात, एक ते सहा. आणि थैल्यांप्रमाणे घर मिळतं.

एक थैली असेल तर पाखरांसाठी टांगतात ते लाकडी खोपटं. दोन असतील तर झाडाची ढोली. तीनला ओंडक्यांची झोपडी, चारला जपानी पद्धतीची मजल्यांची वास्तू, पाचला किल्ला. सहा झाल्या तर चक्क वारिओच्या तोंडवळ्याचा एक अख्खा ग्रह. नाण्यांचा आकडा जास्तीत जास्त ९९,९९९ पर्यंत जातो. म्हणजे ग्रह हवा असेल त्यानं सुट्ट्या राखून ठेवाव्यात.

आमच्या मित्राला पहिल्यांदा खोपटं मिळालं होतं. तो नुसता धावत सुटायचा, किल्ल्या-बिल्ल्या शोधायचा नाही. एवढा मोठा वारिओ आणि ते खोपटं बघून आम्ही सहा जण लोळून हसलो. तो रडकुंडीला आला. पण त्या निकालात खोट नव्हती. प्रत्येक वगळलेल्या खोलीचा, प्रत्येक उधळलेल्या नाण्याचा हिशोब तिथं मांडलेला होता. आणि दुसऱ्या दिवशी तो परत जुन्या लेव्हलमध्ये शिरला, राहिलेले खजिने काढायला. ते त्याला करता येत होतं, कारण तो गोल सेल सगळं लक्षात ठेवून होता.

पुढची कहाणी थोडक्यात. १९९८ च्या 'वारिओ लँड २'मध्ये वारिओ मरतच नाही. मार लागला की नाणी सांडतात, एवढीच शिक्षा. पार्लरमधून आलेल्या तीन लाइफसुद्धा गेल्या. २००० सालच्या 'वारिओ लँड ३'मध्ये १०० खजिने होते आणि नाण्यांचं महत्त्व पार कमी झालं. तोवर योकोई नव्हते. १९९५ चं त्यांचं 'व्हर्च्युअल बॉय' नावाचं यंत्र साफ पडलं, १९९६ मध्ये त्यांनी निन्तेंडो सोडली आणि ४ ऑक्टोबर १९९७ रोजी रस्त्यावरच्या अपघातात ते गेले. ५६ वर्षांचे होते.

मग खाच परत आली. तीही कुठं, तर आपल्या खिशातच. २००९ साली ॲपलनं फोनमधल्या ॲपच्या आत खरेदीची सोय सुरू केली, त्याच वर्षी ती फुकट ॲपनाही मिळाली. गेम फुकट झाले आणि नाणं विकत मिळायला लागलं. हे नाणं दिसायला वारिओच्या नाण्यासारखंच, गोल, सोनेरी, वाजणारं. पण ते एकाच दिशेनं चालतं. रुपयाचं नाणं होतं, नाण्याचा रुपया होत नाही. पार्लरमध्ये हाताला नाणी लागायची, इथं तेही नाही. अंगठा टेकवला की झालं. बरं, निन्तेंडो तरी धुतल्या तांदळासारखी आहे का, तर नाही. २०१९ मध्ये तिनं फोनसाठी 'मारिओ कार्ट टूर' काढला, त्यात नशिबावर बक्षीस निघणारी पाइप होती आणि त्यासाठी खरे पैसे खर्च करता यायचे. ओरड झाली, तीन वर्षांनी ते काढून टाकलं. खाच दिसली की पत्त्यांच्या कंपनीला पत्ते आठवणारच.

आपल्याकडं यावर दुसरा मजला चढला, पैसे लावून खेळायच्या ॲपचा. यात रुपयाचं नाणं होतं आणि नाण्याचा रुपयाही होतो म्हणतात, पण बोनस वेगळा, काढता येणारी रक्कम वेगळी, अटी वेगळ्या. ते गृहस्थ जे चमकतंय म्हणत होते ते यातलंच. हा खेळ कौशल्याचा की नशिबाचा, यावर आपल्या न्यायालयांत वर्षानुवर्षं वाद चालले. जुलै २०२५ मध्ये आपल्या विधिमंडळात मोबाइलवरच्या रमीवरून केवढा गदारोळ झाला ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलंय, आरोपही आणि इन्कारही, मी वेगळं सांगत नाही. पुढच्याच महिन्यात संसदेनं कायदा केला. २० ऑगस्टला लोकसभा, २१ ला राज्यसभा, २२ ला राष्ट्रपतींची सही. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम, कौशल्याचे असोत की नशिबाचे, चालवायला बंदी. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. हे मला योग्य वाटतं, कारण गळाला लागलेल्या माशावर गुन्हा दाखल करण्यात अर्थ नाही.

बंदीनं सगळं थांबेल असं मात्र वाटत नाही. बाहेरच्या देशांतून चालणारी ॲप आहेत, टेलिग्रामवर लिंका फिरतायत. आणि दुसरीकडं काही पालक या निमित्तानं पोरांचे सगळेच गेम बंद करायला निघालेत. परवा एका शाळेच्या पालकसभेत एक जण तावातावानं बोलत होते, गेम म्हणजे गेम, सगळे सारखेच. त्यांना मी सभेनंतर एवढंच विचारलं की तुमच्या मुलीच्या गेममधली नाणी येतात कुठून? त्यांना सांगता आलं नाही. मुलगी शेजारीच उभी होती, तिनं लगेच सांगितलं: "पळून मिळतात, आणि जाहिरात बघून मिळतात, आणि पप्पांच्या फोनवरून पण मिळतात." पप्पांनी तिथल्या तिथं फोन बाहेर काढला.

आणखी एक. त्या जुन्या कॅसेटमधले सेल आता एकेक करून संपतायत. तीस वर्षं झाली. जगभर जुने गेम जपणारी मंडळी कॅसेट उघडून, डाग देऊन नवे सेल बसवतात. सेल काढला की आतली नोंद पुसली जाते. कुणीतरी १९९४ च्या सुट्टीत जमवलेले १५ खजिने, ९९,९९९ नाणी, तो ग्रह, सगळं. कुणाचं काही बुडत नाही. परत जमवता येतं.

ते गृहस्थ गेल्या आठवड्यात पुन्हा आले होते. छोटी जाहिरात द्यायची होती. पाच गुंठे, रस्त्यालगत, पाण्याची सोय. मी विचारलं, कशाला विकताय? म्हणाले, पतसंस्थेची नोटीस आलीय. मजकूर मी लिहून दिला, त्यांनी वाचून पाहिला आणि 'तातडीने' हा शब्द खोडायला सांगितला. तातडी दिसली की भाव पाडतात, म्हणाले.